खाली कोण आणणार?

आमच्या डोंबिवलीच्या घरी ते पहिल्यांदा आले, तेव्हा चपला काढायच्या आधी त्यांनी आईला विचारलं, "वहिनी, मागचं दार कुठंय?"

आई गोंधळली. चाळीतल्या दोन खोल्या, त्यांना कसलं आलंय मागचं दार! "नाहीये हो," ती म्हणाली. "एकच दार आहे. या ना आत."

"एकच?" त्यांनी आमच्या खोलीकडे असं पाहिलं, जणू आत वाघ बांधलाय. मग म्हणाले, "मग चहा इथेच द्या. गॅलरीत बरं वाटतं." आणि खरोखर, भर उन्हात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बादल्यांचे धक्के खात, उंबऱ्याबाहेर स्टुलावर बसून त्यांनी चहा घेतला. जाताना आईला बजावलं, "स्वयंपाक करताना कडी लावत जाऊ नका हां. एकच दार आहे." आई पुढे आठवडाभर कडी न लावता स्वयंपाक करत होती आणि शेजारचं मांजर आमचं दूध पीत होतं.

असा माणूस! त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पण अजून मी कुठल्या हॉलमध्ये लग्नाला गेले, की आधी माझी नजर दारं शोधते. मग मी त्यांच्या नावानं बोटं मोडते आणि जेवायला बसते.

ते भित्रे होते. हे गुळमुळीत सांगण्यात काही अर्थ नाही. पालीला भ्यायचे, उघड्या वायरीला भ्यायचे, शेळीला भ्यायचे. "शेळी कधी शिंग मारेल सांगता येत नाही हो," म्हणायचे. गळ्यात शिट्टी. खिशात दोरीचं भेंडोळं, टॉर्च आणि एक कांदा. कांदा ऊन बाधू नये म्हणून. सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते आणि म्हणे स्वतः बांधून घेतलेल्या पुलावरूनही आधी दुसऱ्याला जाऊ द्यायचे. आम्ही पाठीमागे त्यांना सावधानकाका म्हणायचो. काकूंना ते ठाऊक होतं आणि त्यांना त्याचा रागही नव्हता. "अगं, आमच्या लग्नात भटजी सावधान म्हणाले ना," त्या सांगायच्या, "तेव्हा हे अंतरपाटावरून मांडवाचे खांब बघत होते. मी समोर उभी, पण माझ्याकडे नाही बघितलं."

मी एकदा त्यांना सरळ विचारलं होतं, "काका, एवढी भीती कशाची? लहानपणी काही झालेलं का?"

"काही नाही झालं," ते म्हणाले. "कारण कशाला लागतं? धीट माणसाला कोणी विचारतं का, की बाबा रे, लहानपणी तुला काय झालेलं म्हणून?"

 

मला ते भेटले खडवलीला. नदीकाठी एक जुना बंगला आहे. इंग्रजांच्या अमदानीत मुंबईच्या कोणा धनिकानं हवापालटासाठी बांधलेला. खाली दगडी काम, वर सगळं सागवान. वर मोठा दिवाणखाना, रंगीत काचांची दारं, छतावर वेलबुट्टी आणि नदीच्या बाजूला लाकडी सज्जा. मालकांच्या पुढच्या पिढ्या पांगल्या, एका ट्रस्टनं बंगला ताब्यात घेतला आणि रविवारी लोकांना बघायला खुला केला. कल्याण-डोंबिवलीहून लोक नदीवर सहलीला यायचे, ते जेवण झालं की बंगला बघायला यायचे. निवृत्त झाल्यावर काका तिथे व्यवस्थापक म्हणून आले.

मी ठाण्याला एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होते. उजवा पाय पोलिओनं गेलेला. मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर आणि काखेत कुबडी. आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टवर 'बंद आहे' ही पाटी मी नोकरीला लागायच्या आधीपासून. ऑफिसची सहल खडवलीला गेलेली. सगळे बंगल्याचा जिना दणदण चढून वर गेले आणि मी खाली ओसरीवर पिशव्या सांभाळत बसले. ही माझी जन्माची नोकरी होती. कुठेही गेलं की कोणीतरी म्हणायचंच, "अगं, तू बसतेसच आहेस, तर एवढ्या पिशव्या बघ हं." आणि माझ्याभोवती पिशव्यांचा डोंगर.

तेवढ्यात गळ्यात शिट्टी घातलेला हा किडकिडीत माणूस आला आणि पाच-सहा हात लांब उभा राहून विचारू लागला, "बाई, तुम्हाला वर जायचंय का?"

"नको, मी बरी आहे इथे."

"बरं वाटतंय का ते नाही विचारलं मी. जायचंय का?"

मी चिडले. म्हटलं, "जायचंय! नेताय?"

"नाही," ते म्हणाले. "वर न्यायला काय, दहा जण मिळतील. पण खाली कोण आणणार, ते ठरल्याशिवाय मी तुम्हाला वर जाऊ देणार नाही."

असा संताप झाला माझा! आधी हौस जागी करायची आणि मग नाही म्हणायचं, ही कुठली रीत? पण घरी येताना तेच वाक्य डोक्यात घोळायला लागलं. कारण असं आहे, की उचलून नेणारे मला आयुष्यभर भेटले होते. विचारत कोणी नाही. बगलेत हात घालायचे आणि उचलायचं, तांदळाच्या पोत्यासारखं.  मामेबहिणीच्या लग्नात भावांनी मला असंच हॉलच्या वरच्या मजल्यावर नेऊन बसवलेलं. मग पंगती उठल्या, वऱ्हाड निघालं, खाली बस लागली. भावांना वाटलं दुसऱ्या कोणी मला उतरवलं असेल. मी वर एकटी; मांडववाले खुर्च्या गोळा करतायत, एकेक दिवा बंद होतोय, संडास खाली आणि तोंडातून हाक फुटत नाही, कारण हाक मारायची लाज. शेवटी एका वाढप्यानं मला पाहिलं. ही गोष्ट मी आईलाही सांगितली नव्हती. ती मी पुढे काकांना सांगितली आणि ऐकताना त्यांच्या कपाळावर दरदरून घाम आला.

"म्हणून म्हणतो मी," एवढंच ते पुन्हापुन्हा म्हणत राहिले.

पुढच्या रविवारी मी एकटीच खडवलीला गेले, नुसत्या कुतूहलानं. तर काका ओसरीवर, इस्पितळातून उसन्या आणलेल्या चाकाच्या खुर्चीत बसून, स्वतःचे पाय पंच्यानं आवळून बांधत होते. ओसरीच्या पायऱ्यांवर त्यांनी मुरूम आणि फरशा टाकून उतार करून घेतलेला. तो बरोबर झालाय का, हे दुसऱ्या कोणाला बसवून बघायची त्यांची छाती नव्हती, म्हणून स्वतः बसले. "सोडा!" म्हणाले आणि डोळे मिटले. माळ्यानं सोडलं. खुर्ची जी सुटली, ती थेट जास्वंदीत. आतून काकांची शिट्टी वाजत राहिली. आम्ही धावलो, म्हणजे माळी धावला, मी पोचले. पानाफुलांत उलटे पडलेले काका म्हणाले, "उतार लांब करायला हवा." आणि त्यांनी तो दुप्पट लांब केला. पुढे सगळ्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी तोच वापरला आणि धडधाकट लोकही पायऱ्या सोडून तिकडूनच यायला लागले.

त्या दिवसापासून मी दर रविवारी तिथे जायला लागले. खालचा मजला मी लोकांना दाखवायचे, माहिती सांगायचे. वरचा मजला न बघताच तोंडपाठ. काकांनी माझ्यासाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी, एक डोली बनवायला घेतली. वेताची जुनी हाताची खुर्ची, तिच्या दोन्ही बाजूंनी बांबू, छातीला नि मांडीला पट्टा. उचलायला गावातले दोघे सख्खे भाऊ, दोघेही रेतीवर काम करणारे, आडदांड. पण काकांचं समाधान होईल तर शपथ! आधी रेतीचं पोतं वर नेऊन खाली आणायला लावलं. मग पोतं ओलं करून. मग स्वतः बसले. जिना उभाच्या उभा, कठडा एकाच बाजूला. अर्ध्यावर पोचले की काका ओरडायचे, "थांबा, थांबा, मेलो!" भाऊ थांबायचे. "चला," म्हणायचे. परत दोन पायऱ्यांवर, "मेलो!" धाकटा भाऊ हसून हसून बेजार. "सायेब, तुमी असं वरडला तर आमीच सोडू एक दिवस," तो म्हणायचा.

"तसं सोडाल तर आधी सांगून सोडा," काका गंभीरपणे म्हणायचे.

आणि दोन नियम. कोणालाही हात लावायच्या आधी विचारायचं, "लावू का हात?" आणि वर नेलेलं माणूस खाली येईपर्यंत उचलणाऱ्यांनी जिन्याच्या तोंडाशी बसून राहायचं, विडी नाही, चहा नाही, लघवीलासुद्धा आळीपाळीनं. पहिला नियम ऐकून लोक हसायचे. मला मात्र डोलीत बसवून बघताना पहिल्यांदा मोठ्या भावानं अवघडून विचारलं, "ताई, लावू का हात?" तेव्हा मी त्याला ते परत विचारायला लावलं. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या आयुष्यात हे मला कोणी विचारलं नव्हतं.

तरी मला वर न्यायचं काका टाळतच होते. पावसाळा गेला, दिवाळी गेली. पट्टा सैल आहे, बांबू नवा हवा, असं काहीबाही निघायचं. खरं कारण वेगळं होतं. सज्ज्याच्या खाली, नदीच्या बाजूला, आग्यामोहोळ लागलेलं. बघितलंय कधी? हातभर लांब, काळंभोर, अंगावर काटा आणणारं. वरून नुसती थरथर चाललेली. त्या बाजूला काका ओठांवर बोट ठेवून चालायचे. तिथे कोणी विडी ओढायची नाही, अत्तर लावून जायचं नाही. मध काढणाऱ्यांना बोलवून ते उतरवायला हवं, असं त्यांनी अध्यक्षांना किती वेळा सांगितलं.

ट्रस्टचे अध्यक्ष कल्याणचे. सफारी, चकचकीत बूट, बोलणं टेबलावर हात आपटून. काका त्यांनाही भ्यायचे, हे सांगायला नकोच. अध्यक्ष म्हणाले, "उतरवू हो. आधी तुमच्या डोलीचं उद्घाटन तर करू. पेपरवाला बोलावलाय."

उद्घाटनाला वर जाणार होतो आम्ही दोघी. मी, आणि कल्याणच्या एक आजी. आजी निवृत्त शिक्षिका. अर्धांगाचा झटका येऊन उजवं अंग लुळं पडलेलं आणि वाचा गेलेली. वाचा म्हणजे एक शब्द सोडून सगळी. तो शब्द होता 'चला'. पाणी हवं, चला. थंडी वाजतेय, चला. मुलगा त्यांना घेऊन आलेला, फार प्रेमानं वागायचा, पदर सारखा करायचा.

"डोली एक आणि वर दोघी? एकदम नको," काका अध्यक्षांना म्हणाले. आवाज इतका बारीक, की मलाच जेमतेम ऐकू आला.

"अहो, फोटो एकत्र हवाय!"

काका डोलीचे पट्टे तपासायला वळले.

आधी आजींना वर नेलं. मग मला. माझ्या त्या पहिल्या चढणीचं मला काही म्हणजे काही दिसलं नाही, कारण मी डोळे गच्च मिटले होते. खुर्ची मागे कलली की मी तिचे वेताचे हात घट्ट आवळायचे. खालून काकांचा आवाज येत होता, "घाबरा ताई, घाबरा, लाजू नका!" बाकीचं जग मला घाबरू नकोस म्हणत आलेलं. मी मनसोक्त घाबरले आणि वर पोचले.

दिवाणखान्यात कार्यक्रमासाठी एक लहानसं जाजम अंथरलेलं. पंधरा-वीस माणसं. हार झाले, फोटो झाले. मी अजून सज्ज्याकडे वळलेही नव्हते. तेवढ्यात अध्यक्षांनी दोघा भावांना हाक मारली, "अरे, खाली टेबलं लावा जरा चहाची!"

काका वर येऊन जिन्याच्या तोंडाशी उभे होते. "साहेब, ते... ते उठू शकत नाहीत. या दोघी वर आहेत."

"पाच मिनिटांत काय आभाळ कोसळणार आहे का, काका?"

सगळे हसले. भावांनी काकांकडे बघितलं, अध्यक्षांकडे बघितलं, आणि ते उतरले. इकडे चहावाल्यानं काय केलेलं, तर पुढे ऊन येतं म्हणून चूल मागे सावलीत हलवलेली. नेमकी सज्ज्याखाली. ओली लाकडं, धूर सरळ वर.

आधी आवाज आला. दूरवर कुठेतरी गिरणी सुरू व्हावी तसा. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांना कळलं, मला कळलं, बाकी कोणाला कळलं नाही. मग सज्ज्याच्या दारातून पहिली काळी झुळूक आत आली आणि कोणीतरी किंचाळलं.

पुढचं फार भराभर झालं. माणसं जिन्याकडे धावली, एकमेकांना ढकलत, पडत. अध्यक्षांचा एक बूट जिन्यात राहिला. पेपरवाला कॅमेरा टाकून गेला. आजींचा मुलगा, तो पदर सारखा करणारा, "आई!" म्हणून ओरडला आणि पळाला. मी हे त्याच्यावर राग धरून सांगत नाही. चेहऱ्यावर चार माशा बसल्या की हात-पाय स्वतःचे राहत नाहीत. पण तो गेला. मी उठायला गेले, तर कुबडी कोणाच्या तरी पायानं उडून कोपऱ्यात गेलेली. एक नांगी कानामागे बसली, एक मानेवर. जळता निखारा ठेवावा तशी. आणि माझ्या मनात एवढंच आलं, की परत तेच. मी वर राहिले.

सगळे गेल्यावर जिन्याच्या तोंडाशी काका दिसले. कठड्याला दोन्ही हातांनी मिठी मारून उभे. शिट्टी तोंडात, पण फुंकर निघत नव्हती. जिना समोर मोकळा. मला वाटलं, जाणार. आता जाणार. मी त्यांच्या जागी असते तर गेले असते.

"काका!" मी ओरडले. हलेनात. "काका, जाजम! जाजम ओढा!"

ते खाली बसले आणि रांगत आले. जाजमाचं टोक धरून माझ्याकडे ओढत आणलं. मी घसरत आजींच्या खुर्चीपाशी गेले, दोघांनी मिळून त्यांना खाली घेतलं. आणि त्या अवस्थेत, चारी बाजूंनी माशा घोंगावत असताना, हा माणूस आजींना विचारतो, "हात लावू का?"

"चला!" आजी म्हणाल्या.

जाजमाखाली काळोख, धूळ, एकमेकांचा घाम. वर तो आवाज. जाजमावर माशा आपटायच्या, ते पाठीला कळायचं. एखादी आत शिरायची, मग आम्ही तिला हातांनी चिरडायचो. आजींचा श्वास घरघरत होता. आणि काका रडत होते. मुसमुसून नाही, मोठ्यानं, गळा काढून. त्यांच्या अंगाची थरथर माझ्या अंगाला लागत होती.

"ताई, मला फार भीती वाटतेय."

"मलाही, काका."

"आपण मरणार का हो?"

"चला," आजी म्हणाल्या.

"कुठे चला, आजी!" मी खेकसले. मग आजींनी चांगला हात लांब केला आणि काकांच्या पाठीवरून फिरवायला लागल्या, रडणाऱ्या पोराच्या फिरवावा तसा. त्या किती वेळ फिरवत होत्या कोण जाणे. उन्हं कलल्यावर आवाज कमी झाला. मग जिन्यात पावलं वाजली. दोघे भाऊ, अंगावर ओली गोणपाटं. माशा उठल्या तेव्हा खाली होते, तर लोकांबरोबर तेही नदीत जाऊन पडलेले. मोठ्याचं तोंड सुजलेलं आणि तो मान वर करत नव्हता. त्यांनी आजींना उतरवलं, मग मला. त्याआधी जाजम उचललं तेव्हाच दिसलं. ते आम्हा दोघींनाच पुरलं होतं. काकांचे पाय गुडघ्यापासून बाहेर होते, आणि पायांवर आणखी डंखाला जागा नव्हती.

कल्याणच्या इस्पितळात मी त्यांना बघायला गेले. दाराजवळची खाट मागून घेतलेली. पाय दुधी भोपळ्यासारखे, वर पांढरा मलम. लोक येऊन त्यांना वाघ म्हणत होते, हार घालत होते. काका वैतागलेले.

"ताई, तुम्ही तरी खरं सांगा लोकांना," ते म्हणाले. "मी थांबलो नाही हो. मला पळायचं होतं. माझे पायच उचलले नाहीत."

"मग जाजमाबाहेर पाय का ठेवलेत?"

"पुरलं नाही ना ते."

"आत घेता आले असते. आम्ही सरकलो असतो."

 ते म्हणाले, "आजी झोपल्या का नीट रात्री? विचारलंत का?" आजींच्या मुलाला विचारलं होतं मी. झोपल्या होत्या.

महिन्याभरानं बंगल्यावर ट्रस्टची सभा भरली, खालच्या मजल्यावरच. मला बोलावलेलं. काका काकूंच्या खांद्यावर हात टाकून आले, पायांत मोठाल्या चपला, चार पावलं टाकली की थांबायचे. भिंतीला एक पाटी टेकवून ठेवलेली, रंग अजून ओला. 'अपंग व वृद्ध व्यक्तींस वरच्या मजल्यावर प्रवेश नाही.'

"तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे," अध्यक्ष मला म्हणाले, गोड आवाजात. मग काकांकडे वळून, "आणि आमचे काका तर पहिल्यापासून सांगतायत, धोका आहे, धोका आहे. काय काका, आता आलं ना तुमच्या मनासारखं?"

सगळ्यांना वाटलं, काका मान डोलावणार. मलाही. ते टेबलाला धरून उठले. 

"साहेब, मी भितो," ते म्हणाले. "खूप भितो. तुम्हालाही भितो. पण भीती वाटते म्हणून मी उतार केला, डोली केली. पाटी नाही केली." मग म्हणाले, "त्या दिवशी या दोघींनी काय चुकीचं केलं? त्या तर जागच्या हलल्याही नाहीत. पळाले ते धडधाकट. जिन्यात एकमेकांना तुडवलं ते धडधाकट. चूल तिथे मांडली ती धडधाकटांनी. बंदी घालायची तर धडधाकटांवर घाला." आणि ते एकदम खाली बसले. काकूंनी त्यांना पाणी दिलं.

कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी मात्र घसा खाकरला. "भावनेच्या भरात बोलू नये. ज्यांचा प्रश्न आहे त्यांनाच विचारू. ताई, मनापासून सांगा. तुम्हाला तरी परत वर जावंसं वाटतंय का?"

खरं सांगू? नव्हतं वाटत. महिनाभर माझ्या कानातून तो आवाज गेला नव्हता. घरी पंखा लावला तरी मी दचकायचे. काकांकडे पाहिलं, तर त्यांनी डोळे मिटून घेतलेले. माझं उत्तर ऐकायचीही त्यांना भीती. मग त्या पाटीकडे पाहिलं. नाही म्हटलं, की झालं. मी एकटीच खाली राहणार नव्हते. माझ्यामागून येणाऱ्या सगळ्यांना ओसरीवर बसून पिशव्या सांभाळाव्या लागणार होत्या.

"वाटतंय," मी म्हणाले. आवाज चिरका निघाला. "आत्ता जायचंय. आणि अध्यक्षांनी सोबत यावं."

भाऊ बाहेर ओसरीवरच होते. मोठ्या भावानं विचारलं, "ताई, लावू का हात?" मी हो म्हटलं. या वेळी डोळे उघडे ठेवले. ते जास्त वाईट होतं. पायऱ्या एकेक करून माझ्या पायांखाली जात होत्या, बांबू करकरत होते. मागून अध्यक्ष आणि दोन सभासद. खाली जिन्याच्या पायथ्याशी काका. सुजल्या पायांनी त्यांना चढता येत नव्हतं.

मोहोळ मधवाल्यांनी उतरवलं होतं, तरी जागा हेरत चार-दोन माशा फिरत होत्या. एक दिवाणखान्यात आली. अध्यक्षांनी ती बघितली आणि ते वळले. "बरं, झालं बघून. उतरू या."

मोठा भाऊ जिन्याच्या वरच्या पायरीवर आडवा बसलेला. धाकटा त्याच्या शेजारी. "ताई उतरल्याबिगर कोन उतरनार नाय, सायेब."

"म्हणजे काय?"

"मंजे नाय. त्या दिवशी उतरलो आमी. आता नाय."

"अरे बाजूला हो!"

तो हलला नाही. रेती उपसणारा माणूस, त्याला कोण हलवणार? माशी अध्यक्षांच्या कॉलरवर येऊन बसली. "हलू नका," मी म्हटलं. अध्यक्ष हलले नाहीत. मान ताठ, कपाळावरून घाम वाहतोय, आणि नुसते ओठ हलतायत. "ताई... तुम्ही आधी उतरा बरं. त्या पाटीचं... ती नाही लावत. मी सांगतो ना, नाही लावत. फक्त तुम्ही उतरा."

मी उठले. कुबडी घेतली आणि सज्ज्याच्या दाराशी गेले.  इतके महिने लोकांना सांगत आलेला तो सज्जा मी पहिल्यांदा पाहिला. खाली नदी वळण घेत गेलेली. काठावर कोणी गोधडी आपटत होतं. पलीकडे वालाचे मळे आणि त्यांत शेंगा तोडणाऱ्या बाया, अंगठ्याएवढ्या.

खालून काकांचा आवाज आला, कापरा. "ताई! काय झालं? उतरताय ना? मला फार भीती वाटतेय हो!"

"वाटू दे, काका!" मी वरून ओरडले. "इथे अध्यक्षांनाही वाटतेय. बसा जरा. मी नदी बघतेय."